सुगंधी तेले : उपयोग आणि सावधगिरी

सुगंध आवडत नाही असा मनुष्य विरळाच. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येणारा वास, देवघरातील उदबत्तीचा दरवळ, आजीच्या पेटीत लुगड्यांच्या घड्यांतून ठेवलेली वाळ्याची जुडी, दिवाळीच्या पहाटेचे उटणे, यांच्यावाचून आपल्या घराची आठवणच पुरी होत नाही. सर्दी झाली की रुमालावर निलगिरी तेलाचे दोन थेंब, दाढ ठणकू लागली की लवंगेच्या तेलाचा बोळा, पोटात कळ आली की ओव्याचा अर्क, हे उपाय आपल्या बडोद्यातील मराठी घरांतही पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. अलीकडे त्यांत लव्हेंडर, पेपरमिंट, टी-ट्री अशा नव्या नावांची भर पडली आहे. बोटभर उंचीच्या तपकिरी बाटल्या टपालाने घरपोच येतात, आणि त्यांच्याबरोबर 'सुगंधोपचार' हा नवा शब्दही घरात येतो.

या बाटल्यांतील द्रव्य नेमके काय आहे, त्याचा उपयोग कसा करावा आणि विशेषतः कसा करू नये, याची माहिती विद्यार्थ्यांना व त्यांच्या घरच्या मंडळींना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो, हे सांगण्यासाठी आमच्याच घरी घडलेला एक प्रसंग आधी सांगतो.

एका बाटलीची चूक

माझी धाकटी बहीण तिच्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. पोराला खोकला झाला होता. रात्री दहाच्या सुमारास तो उठून रडू लागला, तेव्हा आईने फडताळातील खोकल्याच्या औषधाची बाटली काढून चमचाभर औषध त्याला पाजले. पोराने तोंड वेडेवाकडे केले, ठसका लागला, आणि घरभर निलगिरी तेलाचा उग्र वास पसरला. त्या बाटलीत औषध नव्हतेच. मोठ्या बाटलीतून गळू लागले म्हणून निलगिरी तेल औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले होते, आणि ते ठेवणारा दुसरा तिसरा कोणी नसून मीच होतो. वर चिठ्ठी चिकटवायची ती 'उद्या चिकटवू' म्हणून राहून गेली होती.

कोणी म्हणाले, मिठाचे पाणी पाजून ओकारी करवा. सुदैवाने शेजारी राहणाऱ्या एक परिचारिकाबाई आवाज ऐकून धावत आल्या. त्यांनी मिठाच्या पाण्याचा पेला बाजूला सारला आणि म्हणाल्या, "ओकारी अजिबात काढू नका. बाटली बरोबर घ्या आणि आत्ताच्या आत्ता निघा." वीस मिनिटांच्या आत पोराची मान ढिली पडू लागली, हाक मारली तर डोळे उघडीना. इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : "कशाचे तेल, आणि किती?" आईला काही बोलताच येईना.

दोन रात्री आम्ही इस्पितळाच्या बाकावर काढल्या. तिसऱ्या दिवशी पोराने पाणी मागितले आणि सर्वांच्या जिवात जीव आला. तो भाचा आज महाविद्यालयात शिकतो आहे. परंतु आईने त्यानंतर कोणत्याही नातवंडाला आपल्या हाताने औषध म्हणून पाजले नाही. चूक माझी, आणि तिची टोचणी मात्र तिला लागून राहिली. म्हणून मी रसायनशास्त्राच्या तासाला दरवर्षी हा प्रसंग न चुकता सांगतो.

तेल, पण तेलासारखे नव्हे

आपण स्वयंपाकात तिळाचे, शेंगदाण्याचे तेल वापरतो, केसांना खोबरेल लावतो. ही स्थिर तेले होत. निलगिरी, लवंग, पुदिना, गवती चहा यांचे तेल निराळ्या जातीचे. त्याला बाष्पनशील तेल म्हणतात, कारण ते उघड्यावर ठेवले असता वाफ होऊन उडून जाते. हा फरक घरच्या घरी पाहता येतो. कोऱ्या कागदावर एका बाजूला तिळाच्या तेलाचा व दुसऱ्या बाजूला निलगिरी तेलाचा एकेक थेंब टाका. तिळाच्या तेलाचा पारदर्शक डाग कायम राहील, निलगिरीचा डाग काही वेळाने बहुतेक नाहीसा होईल. तो नाहीसा झाला नाही, तर त्यात स्वस्त स्थिर तेलाची भेसळ असण्याचा संभव आहे. मात्र चंदन, वाळा यांसारखी जड तेले फार सावकाश उडतात, तेव्हा त्यांना ही परीक्षा लावू नये.

वनस्पतीच्या पानांत, फुलांत, सालीत, मुळांत सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत हे तेल साठलेले असते. संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीजवळ पिळली की जे तुषार भुरकन पेटतात, ते अशाच पिशव्यांतील तेल होय. लिंबू-संत्र्याच्या सालींतील तेल दाबून काढतात, इतर बहुतेक तेले वाफेच्या साहाय्याने निघतात. भांड्यात पाने भरून त्यांतून वाफ सोडली असता ती तेलाला आपल्याबरोबर घेऊन जाते, पुढे नळी थंड केली की दोन्ही द्रवरूप होतात, आणि पाण्यावर तेलाचा थर तरंगू लागतो. निलगिरी तेलातील मुख्य द्रव्य सिनिओल होय. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १७६ अंश सेल्सिअस आहे. असे असूनही ते पाण्याच्या वाफेबरोबर १०० अंशांच्या आतच का निघते? कारण दोन न मिसळणाऱ्या द्रवांच्या वाफांच्या दाबांची बेरीज होते, आणि ही बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की दोघेही एकदम उकळू लागतात. अशा रीतीने नाजूक सुगंध जळून न जाता हाती येतो.

या पात्राला इंग्रजीत 'अलेंबिक' असे जुने नाव आहे. ते अरबी 'अल्-अंबीक'वरून आले. बडोदेकरांना हे नाव मुळीच परके नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी येथे कलाभवन सुरू केले, आणि १९०७ साली प्रा. गज्जर, प्रा. कोटीभास्कर व भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून 'अलेंबिक' हा रसायनांचा कारखाना उभा राहिला. ज्या कारखान्यावरून आपण रोज येतो जातो, त्याचे नाव म्हणजे ऊर्ध्वपातनाचे पात्र, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

आपल्याकडील जुनी विद्या

सुगंधांची विद्या आपल्याला परदेशातून मिळालेली नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा एक स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास किती मिश्रणे होतील, याचे त्याने दिलेले उत्तर १,८२० असे आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ते आपल्या गणिताने पडताळून पाहावे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथातही स्नान, विलेपन, धूप यांचे सविस्तर वर्णन आहे. हा ग्रंथ तीन भागांत बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सुगंधी द्रव्ये तयार करण्याचा हा ग्रंथ असून त्यावर जुनी मराठी टीका आहे. गंगाधराच्या 'गंधसार' या ग्रंथासह तो १९८९ साली येथील प्राच्यविद्या मंदिरानेच प्रसिद्ध केला. या ग्रंथांचा एक विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांत द्रव्यांची नुसती नावे देऊन भागवलेले नाही, कोणते द्रव्य किती भाग घ्यावे हेही सांगितलेले असते. सुगंध ही मोजून-मापून वापरण्याची वस्तू आहे हे आपले पूर्वज जाणून होते. आपण मात्र बाटली तिरपी करून अंदाजाने ओततो.

'अरोमाथेरपी' हे आजचे नाव रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाने रूढ केले. त्याचा त्या नावाचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे नाव नवे असले तरी वस्तू जुनीच आहे.

एका थेंबात किती ?

या तेलांतील धोक्याचे मूळ त्यांच्या तीव्रतेत आहे. एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. चार हजार धरल्या, तर थेंबभर तेलात, म्हणजे एका ग्रॅमच्या विसाव्या भागात, सुमारे २०० ग्रॅम पाकळ्यांचा सुगंध आला. निलगिरीची शंभर किलो पाने घेतली तर साधारणपणे एक ते दोन किलो तेल निघते. या हिशोबाने माझ्या भाच्याच्या पोटात गेलेले चमचाभर तेल म्हणजे पाव ते अर्धा किलो पानांचा अर्क झाला. तीन वर्षांच्या पोराला इतकी पाने खाऊ घालण्याचे कोणाच्या स्वप्नात तरी येईल काय? परंतु बाटली लहान, द्रव स्वच्छ आणि वास ओळखीचा, त्यामुळे आपण फसतो.

या तेलांचे रेणू लहान असतात व ते स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. नाकाच्या वरच्या भागातील गंधपेशी त्यांना ओळखून मेंदूला वर्दी देतात. ही क्रिया कशी चालते याचा उलगडा केल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेवर लावल्यास तेलाचा काही अंश कातडीतून आत जातो. पोटात गेल्यास मात्र ते झपाट्याने रक्तात मिसळून मेंदूपर्यंत पोचते, आणि गुंगी, आचके, श्वासात अडथळा असे परिणाम दिसू लागतात. निलगिरीप्रमाणेच कापूरही याच कारणाने घातक आहे. एखाद्या ग्रॅमने लहान मूल दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. सांधेदुखीवर चोळतात ते गंधपुऱ्याचे तेल तर फारच कडक. त्याच्या एका चमच्यात ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके द्रव्य असते. लवंगेचे तेल दोन चमचे प्यालेल्या मुलाचे यकृत बिघडल्याचीही नोंद आहे.

'पण हे तर नैसर्गिक आहे!' असे काहीजण म्हणतात. कण्हेर नैसर्गिक आहे, धोतराही नैसर्गिक आहे. निसर्गाने वनस्पतींना ही तेले दिली ती आपल्या सर्दीसाठी नव्हेत. कीड, बुरशी व पाने खाणारे प्राणी यांना दूर ठेवण्याच्या कामीही ती येतात. जे किड्याला बाधते ते माणसाला कोणत्याच प्रमाणात बाधणार नाही, असे कसे मानावे?

नवशिक्याने पाळावयाचे नियम

पहिला नियम असा की, ही तेले पोटात घेऊ नयेत. काही औषधांत ती असतात हे खरे, परंतु तेथे प्रमाण ठरलेले असते आणि देणारा जाणकार असतो. बाजारातून आणलेल्या बाटलीतील थेंब पाण्यात किंवा मधात घालून घेणे हा अविचार होय. गवती चहाची पात चहात घालणे निराळे आणि त्याचे तेल घालणे निराळे.

दुसरा नियम म्हणजे शुद्ध तेल तसेच अंगाला लावू नये. ते तिळाच्या किंवा खोबरेल तेलात मिसळून पातळ करावे. याचा हिशोब सोपा आहे. एका मिलिलिटरमध्ये साधारणपणे २० थेंब होतात, म्हणजे ३० मिलिलिटर तिळाचे तेल ६०० थेंबांचे झाले. त्यात ६ थेंब सुगंधी तेल घातल्यास ते शेकडा एक, व १२ घातल्यास शेकडा दोन होते. निरोगी, प्रौढ माणसाच्या अंगाला शेकडा दोनपेक्षा अधिक सहसा नसावे, आणि चेहऱ्यासाठी व वृद्धांसाठी शेकडा एक पुरेसे होते. दालचिनी व लवंग यांच्यासारखी तिखट तेले याहूनही कमी घ्यावी लागतात, तेव्हा नवशिक्याने ती अंगाला लावण्याच्या भानगडीत पडूच नये. दाढेसाठी लवंगतेलाचा बोळा ठेवतानाही तो हिरडीला लागू देऊ नये, नाहीतर दाढेचे दुखणे राहते बाजूला आणि हिरडी पोळते. शिवाय तो बोळा म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाईपर्यंतची सोय, हेही विसरू नये.

तिसरा नियम परीक्षेचा. नवे मिश्रण प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून चोवीस तास वाट पाहावी. खाज, लाली किंवा पुरळ उठल्यास ते तेल आपल्यासाठी नव्हे असे समजावे. पहिल्यांदा न सोसणारे तेल पुढे 'सवयीने' सोसेल अशी आशा धरू नये. कातडीचे वावडे एकदा जडले की बहुधा आयुष्यभर पुरते.

चौथा नियम पाण्याविषयी. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे आपण बालपणापासून पाहतो. तरीही हौसेने न्हाणीच्या बादलीत तेलाचे थेंब टाकणारे आहेत. ते थेंब पाण्यावर तसेच तरंगतात व अंगाला लागतील तेथे कातडी झोंबवतात. आधी साध्या तेलात मिसळून मगच ते अंगाला लावावे हे बरे. वाफारा घेताना एक-दोन थेंब पुरेत, आणि डोळे मिटलेले असावेत. लहान मुलांना मात्र उकळत्या पाण्याच्या भांड्याजवळ बसवूच नये. तेलापेक्षा ते भांडे कलंडण्याचे भय मोठे.

पाचवा नियम सूर्याविषयी आहे व तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात व बर्गामोट नावाच्या फळाच्या तेलात अशी काही द्रव्ये असतात की, ते लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात व पुढे कित्येक महिने काळे डाग राहतात. अशी तेले अंगाला लावल्यास निदान बारा तास त्या भागावर ऊन पडू देऊ नये. ज्या गावी मे महिन्यात सकाळी नऊलाच ऊन चटके देते, त्या गावच्या लोकांना हे अधिक सांगणे नलगे.

सहावा नियम हवेविषयी. विजेवर चालणारी सुगंधपात्रे आता घरोघर दिसतात. ती अर्ध्या-एक तासाहून अधिक वेळ चालू ठेवू नयेत व खिडकी उघडी असावी. दम्याच्या रोग्याला एखाद्या वासाने धाप लागू शकते. घरातील एकाला सुखावणारा सुगंध दुसऱ्याला त्रासदायक वाटला, तर त्याची कुरकुर म्हणून चेष्टा न करता पात्र बंद करावे.

लहान मुले, गर्भवती व मुके प्राणी

दोन वर्षांखालील मुलांच्या नाकाजवळ किंवा छातीवर निलगिरी, कापूर अथवा पुदिन्याचे फूल असलेले काहीही लावू नये. आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधण्याची चाल आहे. हेतू प्रेमाचाच असतो, परंतु अशा उग्र वासाने बाळाचा श्वास घुसमटू शकतो, आणि पुरचुंडी सोडून कापूर तोंडात घालण्यास मुलाला क्षणभरही लागत नाही. आजीबाईंची मर्जी राखूनही ही चाल बंद करता येईल. त्यांना कारण नीट समजावून सांगावे, म्हणजे झाले. गर्भवती स्त्रियांनी, आकडी येणाऱ्या रोग्यांनी व नियमित औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही तेले वापरू नयेत. घरात मांजर असल्यास तिच्या अंगाला कोणतेही सुगंधी तेल, विशेषतः टी-ट्री तेल, लावू नये. ही द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार थोडी असते, आणि अंग चाटण्याच्या सवयीमुळे ते तेल तिच्या पोटातही जाते.

येथे विद्यार्थ्यांच्या आवडीच्या एका प्रयोगाबद्दलही सांगितले पाहिजे. कापूर, ओव्याचे फूल व पुदिन्याचे फूल हे तिन्ही घन पदार्थ एकत्र करताच त्यांचे पाणी होते, आणि पाहणाऱ्याला जादू झाल्यासारखे वाटते. ही जादू नव्हे. मिश्रणाचा वितळण्याचा बिंदू प्रत्येक घटकाच्या बिंदूहून खाली येतो, म्हणून ते द्रव बनते. प्रयोग अवश्य करावा, पण शिक्षकांसमक्ष करावा, आणि तयार झालेला द्रव जिभेवर टाकून पाहू नये. तीन तीव्र द्रव्यांचा तो अर्क आहे.

खरेदी आणि साठवण

भेसळीचा इतिहास सुगंधाइतकाच जुना आहे. खानदेशच्या रानांत रोशा नावाचे गवत होते. त्याच्या तेलाचा वास गुलाबाची आठवण करून देतो, कारण गुलाबातील जिरॅनिऑल हे द्रव्य त्यातही असते. एके काळी हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जाई आणि तेथे गुलाबतेलात मिसळले जाई. म्हणजे परदेशी गुलाबतेल म्हणून मोठ्या किमतीला घेतलेल्या बाटलीत आपल्या खानदेशचे गवतच असावयाचे! यावरून खरेदी करणाराने एवढा बोध घ्यावा की, केवळ नाक हा विश्वासू परीक्षक नव्हे. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उत्पादकाचा पत्ता व तारीख असावी. चंदन किंवा गुलाब यांसारखे महागडे तेल अगदी स्वस्तात मिळू लागले की ते बहुधा कृत्रिम द्रव्य असते. अत्तर ही वस्तूही निराळी. कनोजच्या पद्धतीने डेगेतील फुलांची वाफ भपक्यातील चंदनतेलात मुरवून ते करतात. अत्तराला लागू असलेले प्रमाण शुद्ध तेलाला लागू पडत नाही.

बाटली गडद रंगाच्या काचेची, बूच घट्ट लावलेली व थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेली असावी. हवा व उजेड लागून जुने झालेले तेल, विशेषतः लिंबू-संत्र्याचे, पूर्वी सोसत असले तरी पुढे अंगावर पुरळ उठवते. तेव्हा उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहावी आणि वर्षभराने ती टाकून द्यावी. ही तेले ज्वालाग्राही आहेत. निलगिरी तेलाची वाफ सुमारे ४८ अंशांना ठिणगी लागताच पेट घेते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात बंद मोटारीच्या आत एवढे उष्णतामान सहज होते. देवघरातील समई व स्वयंपाकघरातील शेगडी यांपासून बाटल्या दूर ठेवाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या कुलपात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर आणि मूळ बाटलीतच असाव्यात. दुसऱ्या बाटलीत, त्यातही औषधाच्या बाटलीत, तेल कधीही ओतू नये. हे वाक्य मी किती मोलाने शिकलो, ते वर सांगितलेच आहे.

अपघात झाल्यास

कोणी तेल प्यायल्यास ओकारी काढू नये. ओकताना तेल फुप्फुसांत शिरले तर तेथे दाह होतो, आणि दुखण्याहून उपाय भयंकर अशी गत होते. मिठाचे पाणी किंवा घरगुती उतारे देण्यात वेळ घालवू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठावे, आणि बाटली बरोबर न्यावी. मूल ठीक दिसत असले तरी थांबू नये, कारण गुंगी थोड्या वेळाने चढते. शुद्ध हरपू लागल्यास त्याला कुशीवर निजवावे. तेल डोळ्यात उडाल्यास डोळा न चोळता पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरावा व डॉक्टरांना दाखवावा. कातडीवर सांडून आग होऊ लागल्यास नुसत्या पाण्याने ते निघत नाही. खाण्याच्या तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसून मग साबण व पाण्याने धुवावे. वासाने भोवळ आल्यास रोग्याला मोकळ्या हवेत आणावे.

सुगंधाकडून किती अपेक्षा करावी ?

इतके वाचून कोणाला वाटेल की, ही तेले घरात आणूच नयेत. माझे तसे म्हणणे नाही. लव्हेंडरच्या वासाने मनाची बेचैनी काहीशी कमी होते, पेपरमिंटचे पातळ केलेले तेल कपाळावर लावल्याने डोकेदुखीला उतार पडतो, असे काही प्रयोगांत दिसून आले आहे. सर्दीत निलगिरीच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते व झोप लागते, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे. पण ज्वर, मधुमेह, रक्तदाब यांसारखे रोग सुगंधाने बरे होतात असे जो सांगतो, त्याचा माल घेऊ नये. सुगंध हा औषधाचा सोबती होऊ शकेल, औषधाची जागा तो घेऊ शकत नाही.

आमच्या फडताळाला आता कुलूप आहे आणि प्रत्येक बाटलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी आहे. वाचकांना माझी एकच विनंती आहे. हा अंक हातावेगळा केल्यावर आपल्या घरचे फडताळ एकदा उघडून पाहावे. नाव नसलेली एखादी बाटली सापडली, तर तिच्यावर चिठ्ठी चिकटवण्याचे काम आजच करावे, आणि आत काय आहे हे घरात कोणालाच सांगता येत नसेल, तर ती टाकून द्यावी. या कामाला पाच मिनिटे पुरतात. आमच्या घरी ती पाच मिनिटे काढावयाची राहून गेली, आणि त्यापायी दोन रात्री आम्हांला इस्पितळाच्या बाकावर काढाव्या लागल्या.